नायकानंतर कोण बोलणार

अर्पिताबाईंनी शाळेच्या फलकावर 'शाळानायक' हा शब्द लिहिला, तेव्हा त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. नागरिकशास्त्रातला निवडणुकीचा धडा नुसता वाचून घ्यायचा त्यांना कंटाळा आला होता. प्रश्नोत्तरं मुलांची पाठ होत, पण मत देणं म्हणजे काय ते काही कळत नसे. म्हणून यंदा शाळेतच निवडणूक घ्यायची ठरली. अर्ज भरायचे, चिन्हं वाटायची, प्रचार करायचा, आणि पाचवी ते आठवीच्या मुलांनी मोबाइलमधल्या मतदान यंत्राचं बटण दाबून आपला शाळानायक निवडायचा. वर्गाचा तो वर्गनायक, तसा शाळेचा शाळानायक. शब्द सरळ होता.

पण शाळेतली निम्मी मुलं नाल्यापलीकडच्या तांड्यावरून येत, आणि तांड्यात नायक हा शब्द इतका मोकळा नव्हता. त्या शब्दाला एक घर होतं, एक पागोटं होतं, आणि लिंबाखालच्या ओट्यावर ठरलेली एक जागा होती. त्या जागेवर सध्या शंकरसिंग बसत.

शंकरसिंग सत्तरी ओलांडलेले. बंजाऱ्यांचा हा तांडा कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचा. आता तीन-चार पिढ्या झाल्या, कापूस, सोयाबीन, तूर पेरून एका जागी बसला होता. बैलांच्या रांगा गेल्या, पण नायक राहिला. कुणाच्या शेताच्या धुऱ्याचं भांडण असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो, माणसं शंकरसिंगांकडे येत, आणि त्यांनी सांगितलं की विषय संपे. ते फार बोलत नसत. फार बोलायची गरजच कधी पडली नव्हती.

नातू बादल आठवीत होता. त्यानं संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की शाळेत नायक निवडायचा आहे, तेव्हा घरात कुणी वळूनही पाहिलं नाही. निवडायचा म्हणजे काय, तो तर आहेच. बादलचा बाप संजय ग्रामपंचायतीचा सदस्य. त्यानं त्याच रात्री अर्ज भरून दिला, वर मुलाचा एक फोटोही चिकटवला. शंकरसिंगांना मनातून बरं वाटलं. नातवाच्या नावापुढे नायक लागलेलं आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळणार होतं.

दुसरा अर्ज गावातल्या अंकुरचा आला. तो अपेक्षितच होता. तिसरा अर्ज रंजिताचा आला, आणि तांड्यात चुली विझायच्या आत ती बातमी घराघरांत फिरली.

रंजिता सातवीत होती. आईबाप पुण्याकडे बांधकामावर गेलेले, ती आजीजवळ राही. आजी सुखीबाई. तिच्या जिभेला तांड्यातले कारभारीही वचकून असत. तिला जाब विचारायला दोघी-तिघी बाया गेल्या, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, की छोरीनं कागद भरला आहे, कुणाचा बैल सोडून नेलेला नाही. चिन्हं वाटली तेव्हा अंकुरला बॅट मिळाली, बादलला विमान, आणि रंजिताच्या चिठ्ठीत चप्पल निघाली. पोरं हसून हसून लोळली. सुखीबाईला ते कळलं तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "बरं झालं. चालाले अन् हानाले, दोन्ही कामाले येते."

संजयला मात्र हसू येईना. त्यानं बापासमोर बसून सगळा हिशेब मांडला. गावाची पोरं आणि तांड्याची पोरं जवळजवळ सारखी. तांडा एक राहिला तर बादल येईल, किंवा निदान अटीतटीची होईल. रंजितानं तांड्याची मतं फोडली तर अंकुर बसल्या जागी निवडून येईल. आणि ही गोष्ट शाळेपुरती राहणार नाही. पुढच्या वर्षी ग्रामपंचायत आहे. नायकाच्या घरातल्या पोराला तांड्याच्याच पोरांनी पाडलं असं एकदा झालं, की मोठी माणसंही उद्या आपापल्या मनानं बटण दाबतील.

"तुमी फक्त एक शब्द टाका," संजय म्हणाला. "तिले बस म्हना. बाकी काही कराचं नाई."

शंकरसिंगांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. शब्द टाकायला त्यांना काही लागणार नव्हतं, आयुष्यभर तेच केलं होतं. तरी ते म्हणाले, पाहू.

दोन दिवसांनी अर्पिताबाई स्कूटी नाल्याच्या अलीकडे लावून, चालत तांड्यावर आल्या. यवतमाळच्या राहणाऱ्या, ह्या शाळेवर येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. ओट्यासमोर बसल्यावर त्यांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला. वर्गात त्यांनी विचारलं होतं, की कोण कुणाला मत देणार ते सांगू नका, पण कसं ठरवणार ते सांगा. गावातली मुलं काहीबाही बोलली. तांड्यावरची सगळी एकच बोलली, नायक सांगतील तसं. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की आपण फलकावर भलताच शब्द लिहून बसलो.

"बाबा, माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी उद्या तो शब्द पुसते. विद्यार्थी प्रमुख लिहिते. म्हणजे तुमच्या मानाला काही धक्का नको, आणि रंजितालाही उभं राहता येईल. तुमची परवानगी असेल तर."

बाई चांगल्या होत्या, आदरानं बोलत होत्या. पण त्या विचारत होत्या त्यात काहीतरी उलटं होतं. ते नेमकं काय, हे त्यांना पटकन सापडेना.

"शब्द राहू द्या," ते म्हणाले. "पुसला तरी पोट्टे तोच म्हनतीन. अन् परवानगीचं म्हनता बाई, तर मी हो म्हनलं का तांडा म्हनन, नायकानं तिले उभं केलं. नाई म्हनलं का म्हनन, नायकानं बसवलं. दोन्हीकडून माहंच मत झालं. मंग पोट्ट्यायचं कुठं राह्यलं?"

बाईंना ते पटलं. मग म्हणाल्या, की निदान मुलांना एवढं तरी सांगा, ज्याला वाटेल त्याला मत द्या. तुमच्या तोंडून ते ऐकलं तर त्यांना पटेल. शंकरसिंगांना ते बरोबर वाटलं. यात काय अवघड होतं?

संध्याकाळी पोरं लिंबाखाली खेळत होती. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "मत तुमचं हाय. ज्याले वाटन त्याले द्या." पोरांनी माना डोलावल्या आणि ती पळाली.

पण ओट्यामागच्या कुडापलीकडे त्या पोरांची सभा भरली होती, आणि तिचा शब्द न् शब्द शंकरसिंगांना ऐकू येत होता. नायक खरं काय म्हणाले, यावर वाद चालला होता. एक म्हणाला, ज्याले वाटन असं म्हणताना त्यांनी वर पाहिलं, वर म्हणजे विमान. दुसरी म्हणाली, नाही, बोलताना त्यांनी पाय खाली सोडून चप्पल चाचपली, म्हणजे चप्पल. तिसऱ्याचं म्हणणं, नायक कधी असं सगळ्यांसमोर सांगत नसतात, खरं नाव ते संजयकाकाला सांगतील, तेव्हा त्यांनाच विचारू. शेवटी बहुमतानं विमान ठरलं, कारण वर पाहिलेलं तिघांनी बघितलं होतं.

शंकरसिंग आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी वर पाहिलं होतं, कारण लिंबावर कावळा ओरडत होता.

म्हणजे आपण बोललो तरी तो हुकूम, आणि बोललो नाही तरी त्यातून पोरं हुकूम काढणार. आपल्या शब्दाला एवढं वजन आहे याचा त्यांना आजवर अभिमान वाटत आला होता. त्या संध्याकाळी प्रथमच ते वजन उचलून बाजूला ठेवता येत नाही, याची त्यांना अडचण झाली.

पुढचे दोन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या सकाळी उघडीप पडली तेव्हा शंकरसिंग तुरीत पाणी तुंबलं का ते बघायला निघाले. शेत नाल्याच्या काठाला. नाला गढूळ होऊन भरून चालला होता, पूर नव्हता, पण पाण्याखालचा दगड दिसत नव्हता.

पलीकडच्या शाळेत जाणारी तांड्याची पोरं काठाशी थांबली होती. सगळ्यांत पुढे रंजिता. तिनं चपला काढून दप्तरात कोंबल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली, आणि एक पाय पाण्यात टाकला. लगेच पुढे गेली नाही. पायानं खाली चाचपलं, मागे घेतला, दोन हात बाजूला सरकून पुन्हा टाकला. मधोमध पोचली तेव्हा पाणी मांडीला लागलं. ती तशीच परत आली, सगळ्यांत लहान पोरीला कडेवर घेतलं, बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावले, आणि रांग घेऊन पुन्हा पाण्यात उतरली. कुणी रडत नव्हतं. हे रोजचंच असावं असं सगळं चाललं होतं.

तेवढ्यात लांबच्या डांबरी रस्त्यावरून संजयची मोटारसायकल गेली. त्या रस्त्याला पूल आहे, फेरा मोठा पडतो. मागे बादल बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

शंकरसिंगांना त्यांच्या आज्याची गोष्ट आठवली. आजा सांगे, मालानं लादलेल्या बैलांची लदेणी निघाली आणि नदी आडवी आली, की पाण्यात पहिला पाय नायकाचा पडे. बैल त्याच्या मागे, बिऱ्हाडं बैलांच्या मागे. वाट आणि पाणी ज्याला कळतं तो नायक. ज्याला कळेनासं होई, त्याला कुणी पदावरून काढत नसे, भांडतही नसे. सकाळी उठून पाहावं तर मागची रांग आखूड झालेली असे. रातोरात काही बिऱ्हाडं आपले बैल वळवून दुसऱ्या नायकामागे गेलेली असत. आजा हे सांगून हसायचा आणि म्हणायचा, तेव्हा माणसं पायांनी बोलत.

रंजिता पलीकडच्या काठावर पोचली होती. शंकरसिंग तुरीकडे न जाता बांधावर बराच वेळ बसून राहिले. नातू निवडून यावा हे त्यांच्या मनातून काही गेलं नव्हतं. ते गेलं असतं तर सोपं झालं असतं.

रविवारी सकाळी नसाब भरली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. खरं तर ती संजयनं बोलवून घेतली होती. पोरांच्या निवडणुकीसाठी नसाब हे काहींना हसण्यासारखं वाटलं, पण आले सगळे. पुरुष ओट्यासमोर, बाया कडेला, पोरं कुडाला टेकून. रंजिता आजीच्या मागे बसली होती. बोलणं अर्धं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, अर्धं वऱ्हाडीत चाले, राग आला की हिंदीत.

ह्या तांड्याच्या नसाबीची एक रीत होती. आधी सगळ्यांनी बोलायचं, भांडायचं, आवाज चढवायचा. नायक शेवटी बोलायचा. आणि नायक बोलला की पुढं कुणी तोंड उघडायचं नाही, धोतर झटकून उठायचं. नायकाच्या मागून बोलणं म्हणजे त्याचं पागोटं उतरवणं.

देवसिंग कारभारी विषय मांडायला उठणार, तोच शंकरसिंगांनी हात वर केला.

"आज मी पह्यले बोलतो."

कुजबुज झाली. संजय सावरून बसला. त्याला वाटलं, बापानं काम सोपं केलं.

"बादल माहा नातू हाय," शंकरसिंग म्हणाले. "तो याव असं मले वाटते. हे झालं माह्या घरचं. पन तांड्याच्या पोट्ट्यायनं कोनाले द्याव, हे मले समजत नाई. म्हनून मी रंजिताले बस म्हनत नाई, अन् उभी राहा असंबी म्हनत नाई. माहं झालं. आता तुमी बोला."

कुणीच बोललं नाही. बोलणार कसं? नायक बोलून गेला होता. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. सवयीप्रमाणे देवसिंग उठला, धोतर झटकलं, पागोटं सारखं केलं.

"देवसिंग, खाली बस," शंकरसिंग म्हणाले. "नसाब सरली नाई. अजून बोलनं बाकी हाय."

देवसिंग अर्धवट वाकून उभाच राहिला. बसावं की जावं हे त्याला कळेना. त्याच्या हयातीत असं झालं नव्हतं. संजयचा चेहरा उतरला. त्याला बोलायचं होतं, सगळा हिशेब मांडायचा होता, पण रीत आड येत होती. सगळ्यांच्या देखत बापाच्या शब्दावर शब्द टाकायचा, आणि तोही नायकाच्या?

शंकरसिंग थांबून राहिले. कुणीच बोललं नाही, तर आजही शेवटचा शब्द आपलाच ठरेल, आणि त्या रिकाम्या शब्दातूनही हे लोक काहीतरी अर्थ काढून घरी जातील.

बायांच्या बाजूला हालचाल झाली. सुखीबाईनं मागे वळून नातीला कोपरानं ढोसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली, "चप्पल घेतली ना? मंग चाल."

रंजिता उभी राहिली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"नायक, मी कागद वापस घेत नाई," ती म्हणाली. "बादलसंग माहं भांडन नाई. तो चांगला हाय. पन तो गाडीवर येते. नाल्याले पानी असलं का आमाले उशीर होते, अन् उशीर झाला का फाटकाबाहेर उभं राहा लागते, परार्थना होवोस्तर. लहान पोट्टे ओल्या कपड्यानं उभे राह्यतात. बादलले ते दिसत नाई. कारन तो आत उभा असते."

बादल कुडाला टेकून बसला होता. त्यानं मान खाली घातली.

आता मात्र संजयला राहवेना. एकीनं बोलून रीत मोडलीच होती. "अन् मतं फुटून अंकुर आला तर? तो तांड्यासाठी का करन?"

"फुटू द्या, काका," रंजिता म्हणाली. "गावातल्याबी मळ्यावरून येनाऱ्या पोट्ट्यायले बाहेर उभं राहा लागते. ते मले देतीन का नाई देतीन, मले माईत नाई. मले त्यायले इचारून पाहाचं हाय."

त्यानंतर मग सगळेच बोलले. एकदम बोलले. कुणी संजयच्या बाजूनं, कुणी सुखीबाईशी भांडत, कुणी आपली जुनीच तक्रार काढत. फाटकाबाहेर पोरं उभी राहतात हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं एका बापानं म्हटलं, तर त्याच्या बायकोनं तो घरी काय ऐकतो ते सगळ्यांना सांगितलं. काहीही ठरलं नाही. नायकानं शेवट न केल्यामुळे नसाब जेवणाच्या वेळेला आपोआप पांगली. नायकाच्या शेवटच्या शब्दाशिवाय उठलेली ही पहिलीच नसाब. देवसिंग जाताना म्हणाला, की असं बरं दिसत नाही. शंकरसिंग म्हणाले, मलेबी नाई दिसत.

मतदानाच्या दिवशी मोठ्यांनी शाळेत यायचं नाही, असं बाईंनी कळवलं होतं. म्हणून शंकरसिंगांना काही दिसलं नाही. जे कळलं ते पोरांकडून, तुकड्यातुकड्यांनी. भाषणात रंजितानं फाटकाचं सांगितलं. अंकुर हुशार, त्याची पाळी नंतर होती, तर त्यानंही फाटकाचंच सांगितलं, वर खेळाच्या तासाचं जोडलं. पोरं ओरडली की चोरलं चोरलं. बादलचं भाषण संजयनं लिहून दिलं होतं. तो ते अर्ध्यात विसरला आणि नमस्कार करून बसला. बोटाला शाई म्हणून बाईंनी मार्कर वापरला. कुणीतरी बिब्ब्याचा रस लावा, महिनाभर डाग जाणार नाही, असं सुचवलं, तेव्हा बाईंनी बोटं फुटतील म्हणून हात जोडले. आणि बटण दाबायच्या जागी पुठ्ठ्याचा आडोसा होता. आत एका वेळी एकच जण, बाईसुद्धा नाहीत.

अंकुर निवडून आला. थोडक्यात आला. रंजिता त्याच्या मागोमाग होती, आणि तिची मतं एकट्या तांड्याची असणं शक्य नव्हतं. बादल तिसरा.

तांड्यात त्या दिवशी ओट्याकडे कुणी फिरकलं नाही. संजय बाजेवर पाठ करून पडला होता. फाटकाचं काय होणार हेही अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या गुरुजींनी बघू म्हटलं होतं म्हणे. शंकरसिंग ओट्यावर एकटे बसून होते. नातू हरला, याचं दुःख त्यांना वाटलं होतं तेवढंच झालं, कमी झालं नाही. आज्याच्या गोष्टीतली आखूड झालेली रांग त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

बादल आला तो गाडीवरून नाही. बाकीच्या पोरांबरोबर, नाल्यातून, पायी. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बूट हातात. डाव्या हाताच्या बोटावर मार्करची काळी रेघ.

शंकरसिंगांनी त्याला जवळ बोलावलं. तो हात आपल्या हातात घेऊन त्या रेघेकडे पाहिलं. मग न राहवून विचारलं, "तू कोनाले देलं?"

बादल घुटमळला. आजवर दादांनी, म्हणजे आजोबांनी, विचारलं आणि त्यानं सांगितलं नाही, असं झालं नव्हतं. त्यानंच काय, तांड्यात कुणीच तसं केलं नव्हतं.

"ते सांगत नसतात, दादा," तो म्हणाला.

आतून संजयचा आवाज आला, "दादा इचारून राह्यले, सांग त्यायले."

"तू पडून राहा," शंकरसिंग मुलाला म्हणाले. त्यांनी नातवाचा हात लगेच सोडला नाही. पोरगा त्यांच्याकडे सरळ पाहत होता, भीत होता, पण नजर हलवत नव्हता. म्हातारा आधी चकित झाला, मग त्याच्या मिशीत हसू आलं, आणि ते बराच वेळ तिथंच राहिलं.

"बरं," ते म्हणाले. "पाय धू, अन् जेवाले बस. अन् उद्या नाल्याले पानी असलं तरी पायीच जा."